करोडगिरीचा नाका आणि खिशातला फोन

माझा आजा आष्टी तालुक्यातला. निजामाच्या राज्याची ती कड. पलीकडे अहमदनगर जिल्हा, म्हणजे तेव्हाचा इंग्रजांचा मुलूख. (त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) पोटासाठी आजा पलीकडे जाई आणि काम संपले की परत येई. वाटेत करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे निजामाचे जकात खाते. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा साधारण हिशेब होता. आज्याच्या कनवटीला चार कलदार असले की त्याला दोन भये. नाक्यावरचा शिपाई हटकील, आणि गावातला सावकार नाणे बदलून देताना मधल्या मधे खाईल. शिपायाला गाठोडे तपासायचे असे, पण महाराच्या गाठोड्याला हात लावायचा नसे. मग तो काठीच्या टोकाने गाठोडे उसकटी. भाकरी, चटणीची पुरचुंडी, आजीसाठी घेतलेले लुगडे, सगळे धुळीत. झडतीही पुरी होई आणि विटाळही होत नसे. माझा बाप ही गोष्ट सांगताना हसायचा. मला कधी हसू आले नाही.

१९४८ साली निजामाचे राज्य गेले. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षे रेंगाळला आणि १९५९ साली कायमचा बाद झाला. नाका गेला, नाणेही गेले. तरी ही गोष्ट आज पुन्हा सांगावी असे वाटले, त्याला कारण घडले.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याला इंग्लंडमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. आईबाप ऊसतोड कामगार. कोयता घेऊन दर दिवाळीनंतर कारखान्यावर जाणारे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे; अनुसूचित जातीच्या पंचाहत्तर मुलामुलींना ती दर वर्षी मिळते. त्या पंचाहत्तरांत हा एक. कागदपत्रे दाखवायला तो घरी आला, तेव्हा सोबत त्याची आई होती. ती म्हणाली, "सर, ह्याचा फोन तिकडं काढून घेत्यात म्हनं. त्यात ह्याच्या भावाचे पैसे हैत. तेवढं बघा."

भावाचे पैसे फोनमध्ये कसे? चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. थोरला भाऊ चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला. त्याने २०२१ साली थोडे थोडे करून चाळीसेक हजारांची क्रिप्टो घेतली होती. स्वतःचा फोन दोनदा हरवल्यामुळे त्याने त्या खात्याची किल्ली धाकट्याकडे दिली, शिकलेला म्हणून. धाकट्याने काय केले, तर किल्लीचे बारा इंग्रजी शब्द कागदावर लिहून त्या कागदाचा फोटो काढला आणि कागद फाडून टाकला. फोटो फोनमध्ये. फोन खिशात. आणि खिसा आता दोन देशांच्या सीमा ओलांडणार होता.

मी वाणिज्य शाखेचा माणूस नाही, संगणकाचाही नाही. पण आमच्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला गावात सगळ्या खात्यांचा मंत्री समजले जाते. सातबारा त्यानेच वाचायचा, दवाखान्याची फाईल त्यानेच पाहायची, पोलिसांची नोटीस आली तर तीही त्याच्याकडेच. म्हणून दोन महिने हा विषय समजून घेतला. जे समजले ते येथे मांडतो. कारण असा मुलगा हा एकच नाही, आणि यापुढे अशी मुले वाढणार आहेत.

प्रथम हे नाणे कोठे असते ते पाहू. ते फोनमध्ये नसते. लोकांचा पहिला गोंधळ येथेच होतो. समजा, गावाची देणीघेणी एकट्या तलाठ्याच्या दप्तरात नोंदलेली नाहीत. प्रत्येक घरात तीच वही आहे, आणि कोणाकडून कोणाकडे किती गेले हे सगळ्या वह्यांत एकाच वेळी चढते. एका घराने खाडाखोड केली तर बाकीच्या वह्या त्याला खोटे पाडतात. बिटकॉइनची वही ही अशी आहे. जानेवारी २००९ पासून ती जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जात आहे. वहीत माणसाचे नाव नसते, एक लांबलचक पत्ता असतो. त्या पत्त्यावरची रक्कम पुढे पाठवण्याचा अधिकार ज्याच्याकडे खाजगी किल्ली आहे त्याला. ही किल्ली म्हणजे एक अवाढव्य संख्या; माणसाला लक्षात राहावी म्हणून ती बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांत मांडतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. ज्याला ते शब्द क्रमाने ठाऊक, तो मालक. त्याला आधार कार्ड विचारले जात नाही, सही जुळवून पाहिली जात नाही, आणि त्याची जातही विचारली जात नाही. या शेवटच्या गोष्टीमुळे आमची काही शिकलेली मुले फार हरखून जातात. त्यांना बँकेच्या खिडकीवरचा अनुभव आहे, म्हणून त्यांचे हरखणे मी समजू शकतो. पण जो कोणी विचारीत नाही तो कोणाची दादही घेत नाही. शब्द हरवले तर पैसे गेले. शब्द दुसऱ्याने पाहिले तरी गेले. तक्रार करायला मॅनेजर नाही.

आता लक्षात येईल की सीमा ओलांडताना नाणे मुळी हलतच नाही. आज्याच्या कनवटीला कलदार होते, ते खरोखर नाक्यातून जात. या मुलाच्या खिशातून फक्त किल्लीचा फोटो जाणार होता. नाक्यावरच्या माणसाने फोन उघडून त्यातली सगळी छायाचित्रे आपल्या यंत्रात उतरवून घेतली, तर चाळीस हजारांची दुसरी किल्ली तयार झाली. तो अधिकारी प्रामाणिक असेल, बहुधा असतोच. पण त्याच्या यंत्रात ती किल्ली किती वर्षे राहील आणि ते यंत्र कोण कोण हाताळील, हे मुलाला कधीच कळणार नाही. दुसरा एक गैरसमजही येथेच काढून टाकावा. हे नाणे गुप्त आहे असे म्हणतात. ते खरे नाही. वही उघडी आहे. एकदा पत्ता कोणाचा हे कळले की त्या पत्त्यावरचे सगळे येणेजाणे पहिल्या दिवसापासून वाचता येते. बँकेचे पासबुक निदान ट्रंकेत ठेवता येते.

किल्ली दुसऱ्याच्या हाती पडली की काय होते, त्याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. पुण्यात 'गेनबिटकॉइन' या नावाने चाललेल्या योजनेत हजारो लोकांनी पैसे गुंतवले. दरमहा दहा टक्के परतावा देतो असे आमिष होते. महाराष्ट्रातही गुन्हे दाखल झाले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ साली अटक केली; तो जानेवारी २०२२ मध्ये वारला. तपास तांत्रिक होता म्हणून पोलिसांनी दोन खाजगी तज्ज्ञांची मदत घेतली. आरोपींच्या पाकिटांची माहिती, म्हणजे किल्ल्याच, तपासासाठी या तज्ज्ञांसमोर उघडल्या गेल्या. मार्च २०२२ मध्ये त्याच पुणे पोलिसांनी त्याच दोघा तज्ज्ञांना अटक केली. त्यातला एक पूर्वी स्वतः पोलीस सेवेत वरिष्ठ अधिकारी होता. आरोप असा की त्यांनी नाणी परस्पर आपल्या पाकिटांत वळवली आणि पोलिसांना शिल्लक कमी दाखवणारी बदललेली छायाचित्रे दिली. पुढे या घोटाळ्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण जप्त केलेले सोने पोलीस ठाण्याच्या मालखान्यात मोजून, वजन करून, पंचनाम्यात लिहून ठेवता येते. किल्लीचे तसे नाही. ती नुसती पाहिली तरी तिची चोरी होऊ शकते.

मग कोणी म्हणेल, किल्ली स्वतःकडे ठेवायचीच कशाला? कंपनीच्या भरवशावर ठेवावी. मुंबईत सुरू झालेल्या 'वझीरएक्स' या देशातल्या मोठ्या क्रिप्टो बाजाराच्या भरवशावर लाखो लोक होते. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या एका पाकिटातून सुमारे तेवीस कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपये, चोरांनी नेले. हे पाकीट एका किल्लीचे नव्हते. आमच्या संस्थेच्या बँक खात्याला जशा दोन सह्या लागतात, तशा तेथे सहापैकी चार सह्या लागत. तरी चोरी झाली. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही प्रत्यक्षात दुसऱ्याच व्यवहारावर पडली.

हे वाचले आणि मी काही वेळ थांबलो. आमच्या घरात ही गोष्ट तीन पिढ्या जुनी आहे. सावकार कागद वाचून दाखवी, 'वीस रुपये घेतले, सुगीला देईन'. आजा अंगठा उठवी. कागदावर असे, वीस रुपयांच्या बदल्यात रानाचा तुकडा लिहून दिला. वाचून दाखवलेले एक आणि अंगठा उठला तो दुसऱ्यावर. आज्याला वाचता येत नव्हते म्हणून असे झाले असे आम्ही मानत आलो, आणि शिकलो की हे संपेल अशा समजुतीने शाळेत गेलो. आणि येथे संगणकशास्त्र कोळून प्यालेली माणसे फसली. मी याचा आनंद मानीत नाही, पण आज्याविषयी मनात जी एक बारीकशी शरम होती ती त्या दिवशी कमी झाली.

वझीरएक्सच्या ग्राहकांचे पुढे काय झाले? पैसे काढणे बंद झाले. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले, कारण मालक कंपनी तेथे नोंदलेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथल्या न्यायालयाच्या मंजुरीनंतर व्यवहार पुन्हा सुरू झाले. म्हणजे गेवराईच्या पोराने मोबाईलवर बोट फिरवून पाचशे रुपये टाकले, आणि त्या पाचशेचा न्याय सिंगापुरात. सीमा ओलांडायला विमानातच बसावे लागते असे नाही. बीड जिल्ह्यात ठेवी बुडण्याचा अनुभव ताजा आहे. ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार २०२३ पासून आपल्या पैशासाठी उन्हात उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले. पतसंस्थेवरून विश्वास उडाला म्हणून पोरे फोनकडे वळतात. तेथेही दार तसेच.

येथे थोडे विषयांतर करतो. हल्ली भ्रमणध्वनीवर असे मजकूर फिरतात की बाबासाहेब आज असते तर त्यांनी बिटकॉइनची बाजू घेतली असती. दाखला म्हणून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथाचे नाव देतात. त्या ग्रंथात चलन छापणाऱ्याच्या मर्जीवर लगाम असावा असा आग्रह आहे हे खरे. पण तो आग्रह रुपयाची किंमत स्थिर राहावी, गरिबाच्या मजुरीची खरेदीशक्ती बुडू नये म्हणून आहे. जे नाणे एका वर्षात दुप्पट होते आणि पुढच्या वर्षी निम्मे, त्याच्या जाहिरातीला त्या ग्रंथाचे मुखपृष्ठ लावणे हा अडाणीपणा आहे. आमच्याच माणसांनी तो करावा याचे वाईट वाटते.

बाबासाहेबांचे या विषयाशी खरे नाते आहे ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. मार्च १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन ठेवले. जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच निवेदनातल्या मूलभूत हक्कांत एक कलम आहे: माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती व जप्ती होऊ नये, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये. अमेरिकेच्या घटनादुरुस्तीतला हा विचार. ज्याच्या समाजाची गाठोडी काठीने उसकटली गेली त्याने तो उचलावा यात नवल नाही. पण अंतिम घटनेत हे कलम आले नाही. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी नेमके तेच म्हटले: घटनाकारांनी असा हक्क ठेवलेला नाही, तर आम्ही तो मागच्या दाराने कशाला आणावा? हे मत बदलायला त्रेसष्ट वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा खटल्यातले विरुद्ध मत रद्द केले.

तरी फोनचा पासवर्ड मागता येतो की नाही, हा प्रश्न अजून लोंबकळतोच आहे. येथेही अंगठा आडवा येतो. घटनेचे कलम २०(३) सांगते की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ साली 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ठरवले की अंगठ्याचा ठसा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. साक्ष म्हणजे आपल्या मनात असलेले ज्ञान सांगणे. आता विचार करा. फोन अंगठ्याने उघडत असेल तर अंगठा मागता येईल, कारण तो शरीराचा. पण फोन मनातल्या आकड्याने उघडत असेल तर? २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटले की पासवर्ड देणे ही साक्ष नव्हे. २०२२ साली दिल्लीच्या विशेष न्यायालयाने उलट म्हटले: पासवर्ड मनातला, म्हणून सक्ती नाही, बोटाचा ठसा मात्र घेता येईल. शिवाय २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्याने झडतीच्या अधिकारात ईमेल, समाजमाध्यमे, ऑनलाईन खाती यांची 'आभासी डिजिटल जागा' घातली आहे आणि कुलूप ओलांडण्याचा अधिकार दिला आहे. एवढ्या सगळ्यातून साध्या माणसाने घ्यायचे ते एवढेच, की प्रवासात अंगठ्याचे आणि चेहऱ्याचे कुलूप काढून ठेवावे आणि लांब आकडी कुलूप लावावे. आमच्या लोकांनी अंगठा सोडून सही शिकायला जेवढे कष्ट घेतले, त्या मानाने हे काही अवघड नाही.

फोनमध्ये जे सापडले ते फोनच्या मालकानेच ठेवले होते, असे गृहीत धरण्याची सवयही आता सोडली पाहिजे. भीमा कोरेगाव प्रकरणात 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने २०२१ साली अहवाल दिला, की रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून घुसून पत्रे ठेवली गेली होती. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि खटला चालू आहे. पण या वादाने एक शब्द चर्चेत आणला, तो म्हणजे हॅश. यंत्र ताब्यात घेतानाच त्यातल्या मजकुराची एक गणिती खूण काढतात. नंतर एक अक्षर जरी बदलले तरी खूण जुळत नाही. जप्तीच्या वेळी ही खूण काढून तिची प्रत आपल्याला मिळाली, तर पुढे कोणाला त्यात भर घालता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅश लिहिण्याची तरतूद आहे. जुन्या पंचनाम्यात लाखेच्या मोहरेला जी किंमत होती, ती आता या खुणेला आहे.

परदेशच्या नाक्यांवर मात्र आपली घटना चालत नाही. तेथे नियम त्यांचे. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या २०१८ सालच्या निर्देशात दोन प्रकारच्या झडत्या सांगितल्या आहेत: हाताने चाळून पाहण्याची साधी, आणि यंत्र लावून सगळे उतरवून घेण्याची सखोल. सखोल झडतीला वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण लागते. फोनचे जाळे तोडून, फोनमध्ये जे साठलेले आहे तेवढेच पाहावे असेही त्यात आहे. म्हणजे दूरच्या संगणकावर असलेले पत्र त्या झडतीत येत नाही. फोनमध्ये उतरवलेले येते. पासवर्ड नाकारला तर अमेरिकी नागरिकाला घरात घ्यावेच लागते, फोन तेवढा अडकतो. परक्याला मात्र परत पाठवता येते. २०२४ च्या आर्थिक वर्षात तेथे सुमारे सत्तेचाळीस हजार झडत्या झाल्या आणि प्रवासी होते बेचाळीस कोटींच्या वर. दहा हजारांत साधारण एक. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तो एक कोण असेल हे सोडत काढून ठरत नाही. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्याने पासवर्ड नाकारणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आहे. इंग्लंडमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याचे सातवे परिशिष्ट लावले, तर संशय नसतानाही सहा तासांपर्यंत थांबवता येते आणि पासवर्ड नाकारणे गुन्हा ठरते. २०१३ साली एका पत्रकाराचा जोडीदार डेव्हिड मिरांडा याला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर याच परिशिष्टाखाली नऊ तास बसवले होते. तेव्हा मर्यादा नऊ तासांची होती. त्याची सगळी यंत्रे काढून घेतली. हे विद्यार्थ्याच्या वाट्याला सहसा येत नाही, तरी कायदा काय आहे ते ठाऊक असावे.

आमच्या मुलांच्या दृष्टीने मला अधिक गंभीर वाटते ते दुसरेच. जून २०२५ पासून अमेरिकेने विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली करायला सांगितले. अधिकाऱ्याला पाहता यावे म्हणून. पण दार उघडे ठेवले की एकटा अधिकारीच आत येतो असे नाही. आमची अनेक मुलेमुली पुण्यामुंबईच्या वसतिगृहात, कंपनीत, परदेशात आपली जात सांगत नाहीत. चूक की बरोबर हा वाद या नियतकालिकांतून पुष्कळ झाला आहे, तो येथे उकरीत नाही. पण सांगायची की नाही, कधी आणि कोणाला, हे ठरवण्याचा हक्क त्या मुलीचा आहे. चौदा एप्रिलचा फोटो, चैत्यभूमीवरच्या रांगेतला फोटो, आरक्षणावर कोणाशी झालेले भांडण, हे तिने निवडक लोकांसाठी ठेवले होते. व्हिसाच्या एका अटीने ते तिच्या भावी खोलीसोबतिणीलाही खुले झाले. अमेरिकी अधिकाऱ्याला निळ्या झेंड्याचा अर्थ कदाचित कळणारही नाही. ज्यांना कळतो ते तिकडेही पोचलेले आहेत. सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. खाजगीपणा म्हटले की आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, ही सुखवस्तूंची चैन आहे, आमच्यापाशी लपवायला आहे काय? जात लपवावी लागते त्या समाजाने हे म्हणावे!

या मुलाबरोबर आम्ही काय केले ते सांगतो. पहिल्यांदा भावाला बोलावले. फोटो एकदा ज्या फोनमध्ये राहिला त्यातली किल्ली जुनी झाली असे समजावे, कारण फोटो आपोआप गूगलच्या साठ्यातही गेलेला असतो. म्हणून नवे पाकीट काढले, नवे बारा शब्द कागदावर शाईने लिहिले, दोन प्रती केल्या, आणि सगळी रक्कम तिकडे वळवली. मग जुना फोटो सगळीकडून पुसला. प्रत करून ठेवणे ही बाब क्षुल्लक नाही. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान निराळ्या बोटीने येत होते. ती बोट पाणबुडीच्या माऱ्यात बुडाली आणि पुस्तके गेली. नुकसानभरपाई मिळाली, पुस्तके मिळाली नाहीत. आमच्या बारा शब्दांना भरपाईही नाही. एक प्रत भावाकडे, एक आईच्या ट्रंकेत. मुलाने शब्द पाहिलेच नाहीत. नाक्यावर विचारले तरी त्याला सांगता येणार नाही, आणि हे खोटे नाही. खोटे बोलायचे नाही, हे त्याला मी बजावले होते. दुसरा पासवर्ड टाकला की रिकामे पाकीट दिसते अशा युक्त्या सांगणारे लोक असतात. अधिकाऱ्याशी खोटे बोलणे बहुतेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे. घरी ठेवून जाणे हा गुन्हा नाही.

भावाच्या हिशेबाचेही पाहिले. भारतात क्रिप्टो हे चलन नाही, म्हणून नोटा नेण्याआणण्याचे नियम तिला जसेच्या तसे लागत नाहीत. पण २०२२ पासून तिच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, विक्रीवर एक टक्का कापला जातो, आणि आयकर विवरणात त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. खाजगीपणा म्हणजे करातून पळणे नव्हे. विजय मल्ल्याच्या देशात चाकणचा कंत्राटी कामगार तेवढा पकडला जातो, हेही त्याला सांगितले.

फोनबाबत साधा विचार केला. गावाला जाताना आपण सगळे घर डोक्यावर घेऊन जात नाही. मुलाकडचा जुना फोन पुसून कोरा केला. त्यात प्रवासाचे तिकीट, विद्यापीठाचे पत्र, घरचे चार क्रमांक. कॉलेजच्या गटांतले पाच वर्षांचे संभाषण, मोर्चाचे फोटो, मित्रमैत्रिणींची खाजगी पत्रे, हे सगळे घरच्या हार्ड डिस्कवर उतरवले. तेथे पोचल्यावर लागेल ते जाळ्यातून घेता येते. नाक्याच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी फोन पूर्ण बंद करायचा. नुसता पडदा काळा करायचा नाही. फोन बंद असतो तेव्हा आतल्या मजकुराची किल्लीही कुलपात असते. एकदा उघडून नुसता झोपवलेला असला तर ती बाहेरच राहते. फोन घेतलाच तर पावती मागायची, अधिकाऱ्याचे नाव वा क्रमांक लिहून घ्यायचा. आणि इथले सिम चालू ठेवायचे, कारण बँकेचा आकडा त्यावरच येतो. हे सगळ्यांत घरगुती, आणि बहुतेक मुले हेच विसरतात. दोनतीन महिने रिचार्ज न करता क्रमांक बंद पडतो आणि मग लंडनमध्ये बसून स्वतःचेच खाते उघडत नाही.

आईने ट्रंकेत ठेवायचा कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला अक्षरओळख नाही. "ह्यात काय लिवलंय?" मी म्हणालो, "बारा शब्द आहेत, मावशी. कोणाला दाखवायचे नाहीत." ती म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय. माझ्यापाशीच राहू द्या मग."

मुलगा सप्टेंबरात गेला. पोचल्यावर त्याने फोन केला. फोन कोणी मागितला नाही, पाहिला नाही. मात्र प्रवासात एका खिडकीवर शिष्यवृत्तीचे पत्र मागितले गेले. खिडकीतला माणूस आपल्याकडचाच होता. त्याने ते पत्र मोठ्याने वाचले, 'अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी' हे शब्द जरा अधिकच सावकाश, मग मान वर करून मुलाकडे पाहिले, मागच्या रांगेकडे पाहिले, आणि पत्र बोटाच्या चिमटीने परत सरकवले. मुलाने विचारले, "सर, पत्राचं काय करायचं? ते तर जवळ ठेवावंच लागतं."

त्याला मी एवढेच सुचवू शकलो, की पुढच्या वेळी विद्यापीठाचे प्रवेशपत्र वर ठेव, शिष्यवृत्तीचे पाकिटात बंद ठेव, आणि नाव घेऊन मागितले तरच काढ.